आत बसून चहा

मुतारीतून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर जी निवांत कळा असते ती शांतवन भिंगारदिवे मास्तरांच्या तोंडावर गेल्या दोन-अडीच वर्षांत कुणी पाहिली नव्हती. काम उरकलं असं त्यांना वाटायचंच नाही. अजून थोडं आहे, अजून थोडं आहे, असं ओटीपोटात कुणीतरी कुरकुरत राहायचं, आणि मागं ताटकळलेली माणसं खाकरायला लागली की मास्तर पायजम्याची नाडी आवळत, चेहरा पुन्हा शाळेतला करत उन्हात यायचे. त्या दिवशी नगरच्या बाजारातल्या मुतारीतून ते असेच बाहेर पडले आणि समोर सहादेव वाबळे. कोल्हारच्या शाळेत दोघांनी एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड उभी हयात काढलेली. मास्तर पाचवीला, सहादेवराव सहावीला. रिटायर झाल्यावर मास्तर बायकोला घेऊन नगरला तारकपुरात दोन खोल्यांत आले होते, आणि सहादेवरावांनी गेल्या साली सावेडीला स्लॅबचं घर बांधल्याचं कानावर होतं. "अहो मास्तर! तुम्ही इथं?" सहादेवराव म्हणाले. हा काय प्रश्न झाला? मुतारीच्या दारात माणूस कशाला येतो? पण मास्तर हसले. "ते काही नाही," सहादेवराव म्हणाले, "उद्या दुपारी घरी यायचं. चहाला. आत बसू मस्त निवांत." आणि उत्तराची वाट न बघता घाईघाईनं ते आपल्या कामाला गेले. मास्तर तिथंच उभे राहिले. कुणीतरी धक्का मारून म्हणालं, "बाबा, आत चाललाय का भायेर?" तेव्हा ते भानावर आले.

आत बसू. सहादेवराव किती सहज बोलून गेले. तारकपुरापर्यंतच्या वाटेवर मास्तर तो शब्द जिभेखाली धरून चालले, पोरं लिमलेटची गोळी धरतात तशी. कोल्हारला शाळा सुटली की दोघं बरोबर निघायचे, प्रवरेवरून वारा यायचा, आणि सहादेवरावांचं घर आलं की ते म्हणायचे, चला, घोटभर चहा. मग मास्तर ओट्यावर बसायचे. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात एक कप होता. कान तुटलेला, काठावर निळी रेघ. तो तिथं कुणी ठेवला, केव्हा ठेवला, मास्तरांना कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज पडत नाही, हीच तर या मुलखाची हुशारी. मास्तर उठायचे, कप घ्यायचे, रांजणाजवळ उभे राहायचे, सहादेवरावांची आई बनुबाई वरून पाण्याची धार धरायची, मास्तर कप विसळायचे, मग वरूनच चहाची धार. पिऊन झालं की पुन्हा विसळायचा आणि कोनाड्यात पालथा. सहादेवराव माणूस मोठा उमदा. ते आत नाही बसायचे. आपला कपबशीतला चहा घेऊन मास्तरांशेजारी ओट्यावरच यायचे. एकच ओटा, एकच आधण, एकच गप्पा. फक्त कप दोन जातींचे. पंधरा ऑगस्टला सहादेवराव समतेवर असं भाषण ठोकायचे की पुढारी गार. फळ्यावर मागं सुविचार मास्तरांच्या वळणदार अक्षरातला. टाळ्या पडल्या की संध्याकाळी दोघं ओट्यावर. मास्तरांच्या आजोबांनी मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला तेव्हा गाव म्हणालं, महाराचा पोर बाटला. ते देव बदलून बसले, नाव बदलून बसले, नातवाला शांतवन नाव मिळालं, शाळा मिळाली, पेन्शन मिळाली. कोनाड्यातल्या कपाला यातलं काहीच कुणी कळवलं नव्हतं.

आणि साखर! तिच्यात मात्र वाबळ्यांच्या घरानं कधी हात आखडला नाही. उसाचा मुलूख. बनुबाईच्या हातचा चहा म्हणजे पाक. कप विसळताना बोटं चिकटायची. मास्तरांना आता कधीकधी वाटायचं, हा रोग मला त्या कोनाड्यानंच लावला. आत घ्यायचं नाही म्हणून साखर जास्त घालायची, असं काहीतरी बनुबाईच्या मनात असेल का? नसेल. तिच्या मनात एवढं कशाला असेल? पण मास्तरांच्या मनात ते इतकी वर्षं होतं, चहापत्तीसारखं तळाशी बसलेलं. कधीमधी त्यांचं डोकं फिरायचं. मग ते म्हणायचे, "आज नको, पोट बिघडलंय." सहादेवरावांना त्यातलं खरंखोटं बरोबर कळायचं. ते काही न बोलता आपला चहाही अर्धा ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांचं पोट आपोआप बरं व्हायचं. पोट बिघडणं हाच मास्तरांचा मोर्चा, हाच सत्याग्रह. त्यापलीकडं त्यांनी काही केलं नाही. आता हे सगळं मिटल्यासारखं झालं असताना, डॉक्टरनं साखर तोडली असताना, गोड चहाचा घोट दोन वर्षांत घशाखाली गेला नसताना, कुणीतरी मुतारीच्या दारात उभं राहून म्हणतं, आत बसू.

घरी कृपाबाई स्टोव्हजवळ बसून काचेची नळी उकळत होत्या. सकाळची मास्तरांची लघवी आणि डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध. उकळल्यावर निळंच राहिलं तर देवाची कृपा, हिरवं झालं तर सावध, पिवळं झालं तर दुपारचं जेवण बंद, आणि विटेसारखं लाल झालं तर कृपाबाई दोन दिवस बोलत नसत. त्या दिवशी पिवळं झालं. "काय खाल्लंत?" त्यांनी नळी उजेडात धरून विचारलं. "काही नाही." "ही खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता." मास्तरांनी सहादेवरावांचं सांगितलं. कृपाबाईंनी नळी चिमट्यातून सोडवली आणि म्हणाल्या, "मग जा की. आणि सरळ सांगा, मला साखर आहे, बिनसाखरेचा द्या. त्यात लाज कसली?"

"असं कसं सांगू? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आत बोलावलंय. आणि मी जाऊन माझ्या लघवीच्या गोष्टी सांगू?"

"त्यात काय गुपित राहिलंय? मागच्या आठवड्यात बायकांच्या सभेत तुमच्या लघवीसाठी प्रार्थना झाली."

मास्तर खाटेवर बसले. "कुणी केली?"

"रोझीबाईनं. डोळे मिटून, तुमचं नाव घेऊन. चांगली झाली."

मास्तरांना रविवार आठवला. मंडळीतल्या बायका ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर त्यांच्याकडं अशा मायेनं बघत होत्या की त्यांना वाटलं, आपण वाचलेल्या शास्त्रपाठाचा परिणाम झाला असावा. आता आकाशातल्या बापापासून रोझीबाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक. फक्त वाबळ्यांच्या घरी ठाऊक नाही. आणि तिथं सांगितलं तर तिथली माणसं काय म्हणतील हेही मास्तर बसल्या बसल्या ऐकू शकत होते. साखरेचा रोग म्हणजे बागायतदारांचा रोग, चेअरमनचा, मारवाड्याचा. भिंगारदिव्याला कुठली आलीय साखर? सहादेवराव मनात म्हणतील, हं, पोट बिघडलंय. पुन्हा तेच. आम्ही एक पाऊल पुढं टाकलं तर हा उगवतोय सूड. म्हणजे खरं सांगावं तर ते जुन्या खोट्यासारखं दिसणार, आणि चहा प्यावा तर नळी लाल होणार. भाकरी, मेथी, कारलं, ताक, यांच्यावर दोन वर्षं काढलेल्या माणसानं असल्या पेचात पडावं याचा मास्तरांना राग आला. कुणाचा आला ते नीट ठरेना. डॉक्टरचा, सहादेवरावांचा, आणि थोडा आकाशातल्या बापाचाही, ज्यानं सगळं दिलं पण वेळ चुकवून दिलं.

पण खरी भीती चहाची नव्हतीच. चहा पिऊन टाकला असता, चार दिवस कारल्याचा रस पिऊन फेडला असता. भीती पुढची होती. मास्तरांना आता तासाभराला जावं लागे, आणि चहा पोटात गेला की त्याहून आधी. आत बसायचं म्हणजे आतच उठायचंही आलं. आणि आत मोरी कुठं असते? स्वयंपाकघराच्या कडेला. पिण्याच्या माठाशेजारी. ज्या घरानं तुम्हाला जन्मभर माठ लांबून दाखवला, त्या घराच्या माठाशेजारी जाऊन नाडी सोडायची? मास्तरांनी आपल्या बुद्धीनं उपाय काढला. शिकलेला माणूस चुकतो तेव्हा फार विचार करून चुकतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. म्हणजे टाकीत काही राहणारच नाही, मग सोडायचं कुठून? भाकरीही खाल्ली नाही, म्हणजे चहातली साखर मावायला तेवढी जागा. डॉक्टरनं बजावलं होतं, मास्तर, पाणी भरपूर प्या, तुंबवून ठेवू नका, नाहीतर आत सडेल. पण डॉक्टरला वाबळ्यांचं घर थोडंच माहीत होतं? डॉक्टरच्या पुस्तकात मूत्राशय असतं, जात नसते.

दुपारी सावेडीच्या रस्त्याला लागले तेव्हा तोंडात चप्पल सुकत घातल्यासारखी जीभ. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, रस्त्याच्या कडेला पाण्याच्या टँकरभोवती बायकांचं भांडण रंगलं होतं, आणि मास्तर मनात म्हणाले, बघा, मी आज कुणाच्या वाट्याचं प्यालो नाही. पण पाणी न देता आत आग लागते हे त्यांना अर्ध्या वाटेवर कळलं. बाभळीच्या आडोशाला उभे राहिले. दोन थेंब आले आणि ते असे आले की मास्तरांनी बाभळीचं खोड धरलं. जणू आतून कुणी मिरची वाटून पाठवली. नाडी बांधून चार पावलं टाकली की पुन्हा तीच हाक. पुन्हा उभे राहिले तर काही नाही, नुसती कळ. म्हणजे टाकी रिकामी आणि भोंगा चालू. उभ्या रस्त्यावर म्हातारा झाडांना सलाम करत चाललाय असं पाहणाऱ्याला वाटलं असेल. एका ओसाड प्लॉटजवळ मास्तरांच्या मनात आलं, परत फिरावं. कृपाबाईला सांगावं, ते घरी नव्हते. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं जे दार उघडायची वाट पाहिली त्याच्यापासून दोन थेंबांसाठी पळायचं?

घर दिसलं. पिवळं, नवं, समोर लोखंडी फाटक. सवयीनं मास्तर फाटकातून आत आले आणि बसायला ओटा शोधू लागले. ओटा नव्हता. तीन पायऱ्या आणि एकदम दार. त्यांचे पाय पायरीखाली असे थांबले की जणू पुढं पाणी आहे. "अहो या की!" सहादेवराव आतून ओरडले. "असे काय उभे? या, या, खुर्चीत बसा." मास्तर वहाणा काढून आत गेले. खोलीत थंडावा होता. खुर्चीला वेताचं विणकाम होतं आणि ते मास्तरांना अगदी चुकीच्या ठिकाणी टोचत होतं, पण ते ताठ बसले, इन्स्पेक्टर शाळेत आल्यासारखे. इतकी वर्षं त्यांनी या क्षणाची कितीतरी चित्रं काढली होती. चित्रात सहादेवराव भरल्या गळ्यानं म्हणायचे, मास्तर, आमचं चुकलं. मास्तर म्हणायचे, जाऊ द्या. प्रत्यक्षात सहादेवराव पंख्याची किंमत सांगत होते. आणि मधल्या दाराशी खाटेवर बनुबाई बसलेली होती. पार वाळलेली, पायाला फडकी गुंडाळलेली, पण डोळे तेच. "आला का मास्तर? बरं केलं बाबा. मीच म्हन्लं सहादेवाला, त्या मास्तराला बलीव. कोल्हारचं मानूस हितं दिसत न्हाई. भितीकडं तोंड करून किती बोलावं?" मास्तर तिच्या हाताकडं बघत राहिले. या बाईनं पाण्याची धार वरून धरली होती, हीच बाई. बनुबाई पुढं बोलली, "आन् या घराला मेल्या कान्ट्राक्टदारानं वटाच ठेवला न्हाई. मानूस आलं तर बसवायचं कुठं? घ्या मंग आतच."

सहादेवराव खाकरले. "आई, काहीतरी काय?"

"काय काहीतरी? खरं त्येच. तुझा कप बी तिकडंच ऱ्हायला बघ मास्तर, कोल्हारला. घर आवरताना ध्यानातच न्हाई आलं."

मास्तर हसले. म्हणजे ओटा नाही म्हणून. समतेची भाषणं, पंधरा ऑगस्ट, आजोबांचा बाप्तिस्मा, सगळं राहिलं बाजूला आणि एका कंत्राटदारानं जागा वाचवायला ओटा उडवला म्हणून शांतवन भिंगारदिवे आज आत. त्यांच्या डोक्यात एक जुनी शीर उडू लागली. आता नाहीच प्यायचा चहा. साखरेचं कारण नाही सांगायचं, पोटाचं नाही सांगायचं, कसलंच नाही सांगायचं. नको म्हणायचं, बस. ओटीपोटातून कळ आली तशी ती दाबत मास्तर मनात वाक्य जुळवू लागले. तेवढ्यात सहादेवरावांची बायको मनकर्णा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये गुलाबाची फुलं काढलेले तीन कप, तिन्ही सारखे, तिन्हींना कान. मास्तरांची नजर कानावर गेली आणि तिथंच राहिली. "साखर जरा जास्तच घातलीय हं भावजी," ती म्हणाली, "तुम्हाला गोड लागतो ते माहितीय मला." चौथा एक जर्मलचा पेला तिनं सासूच्या हातात दिला. बनुबाईनं त्यात बघून तोंड वाकडं केलं. "ह्यो बघ माझा काढा. डागदरनं साखर तोडली. मला साखरेचा रोग झालाय मास्तर, तुला म्हाईत हाय का? दिसभर मोरी आन् खाट, खाट आन् मोरी. जल्मभर ऊस पिकवला आन् आता पेल्यात चुन्याची निवळी!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. आई, मलाही. दोन शब्द. रोगानंच वाट करून दिली होती. पण मास्तरांच्या मनात आलं, हिच्या पेल्यात बिनसाखरेचा आहे, मी बिनसाखरेचा मागितला तर तो हिच्या भांड्यातला द्यावा लागेल. मग ती काय म्हणेल? आणि मी असलं का मोजतोय अजून? हात गुडघ्यावर तसाच राहिला. मनकर्णा ट्रे धरून उभी. सहादेवरावांनी आपला कप उचलून खाली ठेवला. "का हो मास्तर?" आवाज हलका होता पण कडेला धार होती. "पोट बिघडलंय का?" मनकर्णाचं तोंड उतरलं. "आमच्या घरचं चालत नाही का भावजी?" आणि तेवढ्यात मास्तरांच्या नाकाशी वास आला. वेलदोडा, दूध, आणि त्या सगळ्यावर गरम साखरेचा तो वास, जो दोन वर्षं फक्त दुसऱ्यांच्या बशीतून आला होता. शपथेवर सांगतो, मास्तरांनी क्षमा केली नाही, माघार घेतली नाही, काही थोर केलं नाही. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, एवढंच झालं. सकाळपासून कोरडं पडलेलं तोंड एकदम भरून आलं आणि हात आपणहून गेला. पहिला घोट बशीत न ओतताच घेतला. जीभ भाजली. दुसरा घोट. मान, अपमान, ओटा, कंत्राटदार, सगळं त्या पाकात बुडालं. चहा तसा काही फार चांगला नव्हता. त्याला रॉकेलचा बारीक वास होता आणि दूध पाणचट होतं. ज्याच्यासाठी माणूस इतकी वर्षं आत जळला त्या चहाला रॉकेलचा वास असावा हे मास्तरांना पटेना, म्हणून खात्री करायला त्यांनी कप रिकामा केला. "अजून देऊ?" मनकर्णा खुलली. "द्या," मास्तर म्हणाले. दुसऱ्या कपाच्या निम्म्यावर आतली टाकी आपली मुदत सांगू लागली.

त्यांनी मांडीवर मांडी घातली. मग उलटी घातली. सहादेवराव कारखान्याच्या राजकारणाबद्दल बोलत होते आणि मास्तर "हो का?" म्हणत होते, पण प्रत्येक "हो का" आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत निघत होता. आता कळ नव्हती, आता धाक होता. वेताच्या खुर्चीत, नव्या घरात, पंख्याखाली, पायजम्यात. सगळी नोकरी डोळ्यांपुढून गेली. पाचवीच्या वर्गात पोरं उजव्या हाताची करंगळी वर करायची आणि मास्तर म्हणायचे, बस खाली, आत्ताच जाऊन आलास ना? किती जणांना त्यांनी तसं खाली बसवलं होतं! त्यांतला एकजण, छगन, बसल्या जागी मोकळा झाला होता आणि सबंध वर्ग हसला होता. मास्तरही हसले होते. त्यांना वाटलं, आता हे घर हसेल. हे घर जन्मभर सांगत राहील, त्याला आत घेतला, खुर्ची दिली, आणि त्यानं काय केलं बघा. मास्तर उभे राहिले. अर्धवट वाकलेले, एक हात खुर्चीवर. "सहादेवराव," ते म्हणाले, "जरा मोरी कुठंय?"

सहादेवरावांचं बोलणं तुटलं. मनकर्णानं ट्रे छातीशी धरला. त्या दोघांनी एकमेकांकडं जे पाहिलं त्यात मास्तरांना सगळं वाचता आलं. कपांचं ठरलं होतं. खुर्चीचं ठरलं होतं. माणसाच्या तोंडातून आत काय जाणार इथपर्यंत वाबळ्यांचं पुरोगामीपण जाऊन पोचलं होतं. खाली पुढं काय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मागं बोळ आहे," सहादेवराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मोकळा आहे. तिथं कुणी नसतं. म्हणजे... आम्ही पण जातो कधीकधी." मास्तरांनी बोळाकडं पाहिलं नाही. बोळापर्यंत पोचायची ताकदच उरली नव्हती, हे खरं. पण ती असती तरी ते गेले नसते, हेही खरं. "मला साखर आहे," ते ओरडले. शाळेतला आवाज, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मला धरवत नाही!"

"आरं मंग उभा काय ऱ्हायलास मेल्या!" बनुबाई खाटेवरून त्याच्या वरताण ओरडली. "बोळ कसला सांगतो सहादेवा त्येला? तुला आस्ता ह्यो रोग, तर चारदा धोतर पिळलं आस्तंस! माठाच्या बाजूनं जा मास्तर, डाव्या हाताला, फळी लाव!"

मास्तर माठाच्या बाजूनं गेले. डाव्या हाताला मोरी, पत्र्याचं दार, बंब, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि तांब्या, दोरीवर मनकर्णाचं लुगडं. नाडीची गाठ बसली होती, ती दातांनी सोडता येण्यासारखी नव्हती, पण मनात तेही येऊन गेलं. सुटली. आणि मग काहीच झालं नाही. मास्तर उभे. सारं शरीर तयार, आतून आग, आणि दार बंद. बाहेर अख्खं घर कान देऊन बसलेलं. पंखाही कुणीतरी बंद केला असावा इतकं शांत. मास्तरांनी डोळे मिटले. रोझीबाईच्या प्रार्थनेची त्यांना आठवण झाली आणि पहिल्यांदाच वाटलं, बाई, जरा मोठ्यानं केली असतीस तर बरं झालं असतं. बंबाच्या पितळेत त्यांचं तोंड दिसत होतं, रुंद आणि वेडंवाकडं. हेच का ते तोंड, कोनाड्यासमोर उभं राहणारं? तेवढ्या सगळ्या वर्षांत जे बाहेर यायला हवं होतं ते आलं नाही, आणि आताही येत नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"आलं का?" बाहेरून बनुबाई.

मास्तरांनी ओठ आवळले.

"न्हाई आलं! म्हाईत हाय मला. आरं तांब्यानं पानी वत, बारीक धार धर! पान्याचा आवाज कानात गेल्याबिगर येत न्हाई. मला बी तसंच करावं लागतं. वत, वत, बादली भरलीय! टंचाईचा इचार नगं करू!"

मास्तरांनी डाव्या हातानं तांब्या बुडवला आणि बारीक धार फरशीवर सोडली. पाणी वाजलं. आणि त्याच्याबरोबर हळूच, मिरची लागल्यासारखं, मग झोंबत झोंबत, मग सलग, दुसरी धार सुटली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जळजळीचं होतं असं ते नंतर कृपाबाईंना सांगणार होते. चालू होतं, चालू होतं, संपेचना. बाहेर कुणीतरी, बहुतेक मनकर्णा, फिसकन हसलं आणि दाबलं. संपलं तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा आतली कुरकुर गप्प झाली. मग मास्तरांपुढं नवा प्रश्न. तांब्यात पाणी होतं. मोरीत गेलेला कुठलाही माणूस मागं एक तांब्या ओततो, ती रीत. पण दोन ओतले तर? दोन ओतले तर ते म्हणजे आपणच आपल्या हातानं धुणं झालं, पाटीवर लिहून देणं झालं की हो, इथं बाटवलं. आणि एक ओतून बाहेर पडलो आणि मागून मनकर्णा बादली घेऊन शिरली तर? मास्तर त्या पत्र्याच्या खोलीत तांब्या धरून विचार करत राहिले. शेवटी त्यांनी एक ओतला. बरोबर एक. वर तांब्यातले उरलेले थेंबही बादलीत झटकले, टंचाईचे दिवस म्हणून. फळी काढली. आणि कान मागं ठेवून बाहेर पाऊल टाकलं, बादलीचा आवाज ऐकायला.

दारातच बनुबाई. खाट सोडून, भिंत धरून, लुगड्याचा ओचा एका मुठीत, अनवाणी. "सर, सर, सर बाजूला," ती म्हणाली, "तुझ्या पान्याच्या आवाजानं मला बी लागली!" सहादेवराव मागून धावत आले, "आई, थांब, मनकर्णा पाणी टाकते आधी, निसरडं असेल, तू..." बनुबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती मास्तरांच्या काखेखालून वाकून आत गेली, ओल्या फरशीवरून फताफता पावलं वाजली आणि पत्र्याचं दार आपटलं. सहादेवराव आणि मनकर्णा माठाशी उभे राहिले, मनकर्णाच्या हातात बादली, आणि ती कुठं ठेवावी तिला कळेना. मास्तरही तिथंच उभे. ओला हात कुठं पुसावा हे त्यांनाही कळेना. आतून तांब्याची धार वाजली.

"मास्तर," आतून आवाज आला, "हायेस ना रं?"

"हाय," मास्तर म्हणाले.

"तुला बी डागदरनं कारलं सांगितलंय का?"

"रोज."

"रोज! मला बी रोज. कुत्रं शिवंना त्येला." पाणी वाजत होतं. "दोडका चालतो का तुला?"

"दोडका चालतो," मास्तर मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले. "भोपळाही चालतो. पण पाणी भरपूर प्यायचं आई, आणि तुंबवायचं नाही."

"मंग पी की! सकाळपून प्याला न्हाई दिसतंय. ए मनकर्णा, उभी काय? मास्तरला तांब्या भरून दे."